हाताचा हिशेब

चि. ...,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. कोपर आतल्या बाजूने दुखतंय, फेकताना नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी. बेसबॉलची शोकेस, जिथे कॉलेजचे कोच पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, पारखायला येतात, बारा दिवसांवर आलीय. ट्रेनर म्हणतो ताशी ८६ मैलांवर कोणी ढुंकून बघणार नाही, अजून तीन मैल हवेत. बाबा म्हणतात, आम्ही क्रिकेटच्या नेटमध्ये दिवसभर बॉलिंग करायचो, कुठे काय झालं? आणि शेवटी तुझा प्रश्न: "काका, फेकू ना?"

मी उलट विचारलं की गेल्या चौदा दिवसांत एकूण किती फेकी झाल्या. तू लिहिलंस, "दोन सामने झाले, ऐंशीच्या आसपास."

बाळा, त्या "आसपास"ने माझी झोप उडवली. मेहनत कर, धीर धर असलं काही मी तुला सांगणार नाही. न्यू जर्सीच्या फेब्रुवारीत गॅरेजात जाळी बांधून फेकणाऱ्या मुलाला मेहनत काय शिकवायची? पण शाळेतला गणिताचा एक मार्क कुठे गेला ते तू बाईंना विचारून येतोस, आणि ज्या हातावर पुढची वीस वर्षं उभी करायची आहेत त्या हाताचा हिशेब मात्र "आसपास"? मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात दहा वेळा सांगेन. मोज आणि लिही. प्रत्येक फेक मोज, त्याच दिवशी लिही, स्वतःच्या अक्षरात लिही.

तुझ्या शनिवारचंच पान मांडू. तू सांगितलंस त्यावरून मीच लिहून काढलंय. अंग गरम झाल्यावर जवळून केलेल्या साध्या फेकी ३०. लाँग टॉस, म्हणजे लांब अंतरावरून केलेल्या फेकी, २५. बुलपेनमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) ३२. पाच इनिंग टाकल्यास, प्रत्येक इनिंगआधी सरावाच्या आठ, म्हणजे ४०. प्रत्यक्ष सामन्यात ७८. नंतरच्या दोन इनिंगांसाठी कोचने तुला थर्ड बेसवर क्षेत्ररक्षणाला उभं केलं, तिथून पहिल्या बेसकडे १४. बेरीज कर. २१९ होते. स्कोअरबुकात किती लिहिलंय? ७८. फ्लोरिडातल्या शाळकरी पिचरांवर झालेल्या एका अभ्यासात सामन्याच्या दिवशी माउंडवरून पडलेल्या फेकींपैकी सुमारे ४२ टक्के फेकी कोणत्याच मोजणीत नव्हत्या. तुझ्या पानावरही माउंडवरच्या दीडशेपैकी बहात्तर कुठेच नाहीत, म्हणजे जवळजवळ निम्म्या. वही म्हणते अठ्ठ्याहत्तर. हाडाला, स्नायूला, हाडं जोडणाऱ्या लिगामेंटला वही वाचता येत नाही, त्यांच्यावर सगळ्याच पडतात.

आणि रविवारी? ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या संघाच्या, सामन्यात शेवटच्या दोन इनिंग तू टाकल्यास. शाळेच्या कोचला ट्रॅव्हल टीमची मोजणी माहीत नाही, ट्रॅव्हलच्या कोचला शाळेची नाही, ट्रेनरला दोन्ही नाहीत. तिघेही प्रामाणिक आहेत, तिघांच्याही वहीत तू नियमात बसतोस. सगळी बेरीज फक्त एका ठिकाणी होते, तुझ्या कोपरात. म्हणून ती लिहायचीही तूच. हे काम कोचचं नाही, बाबांचं नाही, फोनमधल्या कुठल्या ॲपचंही नाही.

आकडे पाठ कर. मेजर लीग (बेसबॉलची सर्वांत वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक मर्यादा घालून दिली. सतरा-अठरा वर्षांच्या पिचरला एका दिवसात जास्तीत जास्त १०५. तीसपर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतं. ३१ ते ४५ ला एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ च्या वर चार. तुझ्या अठ्ठ्याहत्तरला तीन दिवस हवे होते आणि तू दुसऱ्याच दिवशी माउंडवर चढलास. वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, त्यातले दोन ते तीन सलग महिने खांद्यावरून चेंडू टाकायचाच नाही. बारा महिन्यांत सगळ्या टीम मिळून १०० इनिंगांच्या वर जायचं नाही. हा शंभराचा आकडा हवेतून आलेला नाही. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने जवळपास पाचशे मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. वर्षाला शंभरापेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. त्यांच्याच २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात हात थकलेला असताना नेहमी फेकणाऱ्यांच्या बाबतीत ती छत्तीस पट निघाली. छत्तीस. हा आकडा मी मुद्दाम अक्षरात लिहितो, म्हणजे नजर त्यावरून घसरणार नाही.

आता बाबांचं. त्यांच्यावर चिडू नकोस, ते खोटं बोलत नाहीत. पण क्रिकेटचा बॉलर आणि बेसबॉलचा पिचर ही दोन वेगळी शरीरं आहेत. बॉलर पळत येतो, त्याचा वेग पळण्यातून चेंडूत उतरतो. त्याचं कोपर जवळजवळ सरळ राहतं, पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ केलं तर नियमाने तो चेंडू बेकायदेशीर ठरतो. वेगवान बॉलरची मोडतोड जास्त करून कंबरेच्या मणक्यात होते. पिचर एका जागी उभा असतो, दहा इंचांच्या उंचवट्यावर. सगळा वेग त्याला एक पाऊल टाकून जमिनीतून, मांडीतून, कंबरेतून वर आणायचा असतो, आणि शेवटी वाकलेलं कोपर चाबकासारखं सरळ होतं. दंड मागे सर्वांत जास्त वळायच्या जरा आधी कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. कोपरातून एक मीटर लांब दांडी काढून तिच्या टोकाला साडेसहा किलोचं वजन लटकव, तेवढा. प्रयोगशाळेत एकट्या लिगामेंटवर ताण दिला तर ते साधारण ३२ ला तुटतं. मग दर फेकीला का तुटत नाही? कारण उरलेला भार मनगट आणि बोटं वाकवणारे पुढच्या हाताचे स्नायू उचलतात. हे स्नायू थकले की तो भार लिगामेंटवर येतो. थकलेला हात का फाटतो याचं उत्तर एवढंच आहे. आणि थकवा कधी आला हे, न मोजणाऱ्याला, कळायच्या आत होऊन गेलेलं असतं.

थकव्याची खूण वेदना नाही, हे लक्षात ठेव. वेदना शेवटी येते. आधी चेंडू बोलतो. उजव्या हाताच्या पिचरचा फास्टबॉल उजवीकडे आणि वर जायला लागतो, कॅचरचा ग्लव्ह खाली आणि चेंडू त्याच्या मुखवट्यापाशी. हात सुटण्याची जागा दोन-तीन इंच खाली उतरते. पुढचा खांदा लवकर उघडतो. पुढचा पाय टेकल्यावर गुडघा ठाम राहायच्या ऐवजी पुढे वाहून जातो. दोन फेकींमधला वेळ वाढतो, तू टोपी काढतोस, घाम पुसतोस, माती चाळतोस. वेग दोन-तीन मैलांनी पडतो. यातल्या दोन गोष्टी एकाच इनिंगमध्ये दिसल्या की कोचकडे बघायचं आणि हात वर करायचा. मर्यादा १०५ आहे म्हणून १०५ टाकायच्याच असं कुठे लिहिलंय? ६२ ला थकलास तर ६२ लिही आणि पुढे "उजवीकडे वर जात होता" असं लिही.

तुझ्या दुखण्याबद्दल. पुढच्या हाताच्या मांसल भागात बोचल्यासारखं होऊन दोन दिवसांत जात असेल तर तो श्रम. पण कोपराच्या आतल्या टोकदार हाडावर किंवा त्याच्या बोटभर खाली दाबल्यावर एका ठिकाणी कळ येत असेल, सकाळी कोपर पूर्ण सरळ होत नसेल, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तो श्रम नव्हे. तुझ्या वयात त्या हाडाजवळची वाढीची चकती अजून पूर्ण जुळलेली नसेल अशीही शक्यता असते. हे पत्रातून ठरत नाही, म्हणून मी ठरवणार नाही. फेकणाऱ्या खेळाडूंचे खांदे-कोपर पाहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे जा. ते तपासून दाखवेपर्यंत एकही फेक नाही. भिंतीवरसुद्धा नाही, भावाबरोबर अंगणातसुद्धा नाही. आणि वेदनाशामक गोळी खाऊन माउंडवर चढायचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाक. शरीराने दिलेली शेवटची खूण तू गोळीने पुसणार, आणि मग कोणाच्या भरवशावर फेकणार?

शोकेसला जाऊ नकोस. वाचताना पोटात गोळा आला असेल, मला माहीत आहे. बाबांनी पैसे भरलेत, तेही माहीत आहे. पण बारा दिवसांत तीन मैल वाढत नाहीत, आणि दुखऱ्या कोपराने ८३ टाकलेस तर कोचच्या वहीत ८३ च लिहिलं जाईल, ते का पडलं हे लिहिलं जाणार नाही. ज्या कॉलेजच्या कोचना तू येणार म्हणून कळवलंयस त्यांना दोन ओळी पाठव. "आतल्या बाजूने कोपर दुखत असल्याने डॉक्टरांना दाखवेपर्यंत फेकणं थांबवलं आहे. पुन्हा माउंडवर आल्यावर व्हिडिओ आणि तोपर्यंतची फेकींची नोंद पाठवतो." एवढंच. कारणं नको, माफी नको. चांगला कोच ही दोन वाक्यं वाचून तुझं नाव खोडत नाही. जो खोडेल त्याच्या हातात तुझा हात चार वर्षं द्यायचा का, याचं उत्तर तुला फुकट मिळालं.

आता त्या तीन मैलांबद्दल, कारण मला ठाऊक आहे की तुझं खरं मन तिथे अडकलंय. वेग लागतो. मी जुन्या माणसांसारखा "वेगाचं काही नाही रे" असं म्हणणार नाही, ते खोटं आहे. मेजर लीगमधल्या सरळ फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. पण वाढलेल्या दुखापतींवर मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये जो अहवाल काढला, त्यात हाच पाठलाग, दर फेकीला सगळा जोर लावण्याची हीच सवय, कारणांमध्ये अग्रभागी आहे. तुझा ट्रेनर जड चेंडूंचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम देऊ म्हणतो. २०१८ मध्ये शाळकरी पिचरांवर नेमका सहा आठवड्यांचा असा प्रयोग झाला, दोन औंसांपासून बत्तीस औंसांपर्यंतचे चेंडू. वेग सरासरी ३.३ टक्क्यांनी वाढला. आणि जड चेंडू टाकणाऱ्यांपैकी २४ टक्के मुलांना दुखापत झाली, न टाकणाऱ्या गटात त्या काळात एकालाही नाही. तुझ्या ८६ वर ३.३ टक्के म्हणजे तीन मैलांना थोडं कमी. अगदी तुला हवे तेवढेच, म्हणून तर भुरळ पडते. किंमत बघ: चार मुलांमागे जवळजवळ एक.

दुखऱ्या कोपराने जड चेंडू टाकायला सांगणाऱ्या माणसाला मी शिक्षक म्हणणार नाही.

वेग कुठून येतो? पायांतून आणि वेळेतून. तुझी उंची सहा फूट एक इंच आणि वजन १५८ पौंड. अजून अंगावर काही नाही, जेवतोस काय? आठवड्यातून तीन दिवस डेडलिफ्ट, एका पायावरचे स्क्वॉट, बाजूला उड्या, मेडिसिन बॉल भिंतीवर फेकणं. पाऊल उंचीच्या ऐंशी ते शंभर टक्के पडायला हवं. तुझ्या व्हिडिओत ते मोजलं तर सत्तरच्या घरात आहे, आणि टाच प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) रेषेच्या डावीकडे पडते, म्हणून कंबर आधीच उघडते आणि हात मागून ओढला जातो. टाच टेकते तेव्हा पोट अजून थर्ड बेसकडे बघत असायला हवं. कंबर वळते, खांदे क्षणभर मागे राहतात, त्या फरकातून चाबूक बसतो. पुढचा गुडघा टेकल्यावर सरळ होत जायला हवा, तोच अडथळा वरच्या अंगाला पुढे फेकतो. हे सगळं आरशासमोर चेंडूशिवाय करता येतं, टॉवेल हातात धरून. टॉवेलच्या फेकी वहीत वेगळ्या रकान्यात लिही, पण लिही.

आणि तुझे चेंडू कमी कर. चार प्रकार टाकतोस म्हणे. सतराव्या वर्षी सरळ फास्टबॉल आणि चेंजअप (त्याच हालचालीने टाकलेला मंद चेंडू), एवढेच जरी जागेवर पडले तरी कॉलेजचा कोच खुर्चीत पुढे सरकून बसतो. फास्टबॉलला तर्जनी आणि मधलं बोट घोड्याच्या नालासारख्या शिवणीवर आडवी, दोघांत बोटभर अंतर, अंगठा बरोबर खाली, तळहात आणि चेंडू यांच्यात फट. घट्ट आवळलंस तर मनगट मरतं. चेंजअपला तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ चेंडूच्या बाजूला, मधलं आणि अनामिका वर, चेंडू थोडा खोल. हात त्याच वेगाने यायला हवा, पकड चेंडूला आठ-दहा मैलांनी मंद करते, हात नव्हे. तू हात मंद करतोस, व्हिडिओत दिसतं, आणि फलंदाजालाही दिसणार. बुलपेन पंचवीस फेकींचं ठेव. दहा फास्टबॉल ग्लव्हच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, पाच दुसऱ्या बाजूला, सात चेंजअप, शेवटचे तीन सामन्यासारखे. प्रत्येकीला दोन खुणा: कुठे मागितला, कुठे पडला. प्लेट सतरा इंच रुंद आहे, चेंडू जवळपास तीन. मागितलेल्या जागेपासून एका चेंडूच्या अंतरात किती पडले ते मोज. पंचवीसपैकी नऊ असतील तर नऊ लिही. महिन्याने बारा झाले की तुला कोणाच्या शाबासकीची गरज राहणार नाही. सामन्यात पहिली फेक स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या विरोधात मोजली जाणारी, किती वेळा, तेही लिही. साठ टक्क्यांच्या वर गेलास की पिचिंग सोपं होतं, कारण फलंदाज मागे पडतो आणि इनिंग पंधरा फेकींत संपते. म्हणजे मोजायच्या फेकीही कमी होतात. दोन्ही गोष्टी एकाच वहीत येतात बघ.

पुढच्या वाटेचं थोडक्यात. हायस्कूल संपल्यावर ड्राफ्ट, म्हणजे मेजर लीगच्या संघांनी केलेली खेळाडूंची निवड, किंवा चार वर्षांचं कॉलेज आणि मग तिसऱ्या वर्षानंतर किंवा वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर ड्राफ्ट, किंवा दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, जिथून दरवर्षी निवड होऊ शकते. ड्राफ्ट पूर्वी चाळीस फेऱ्यांचा होता, २०२१ पासून वीस. निवडला गेलास तरी खाली कॉम्प्लेक्स लीग, मग लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, अशी शिडी. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंनी पहिला सामूहिक करार केला तेव्हा वर्षाचा किमान पगार कॉम्प्लेक्सला १९,८०० डॉलर, ट्रिपल-एला ३५,८०० ठरला. मेजर लीगचा किमान २०२६ साठी ७ लाख ८० हजार. शिडीच्या शेवटच्या पायरीपाशी एवढी मोठी उडी आहे, आणि तिथेच सगळ्यांचा तोल जातो. दुखणं लपवायचं कारण तिथे सर्वांत जोरात असतं. म्हणून सवय आत्ता लागायला हवी, सतराव्या वर्षी, जेव्हा लपवून मिळण्यासारखं फारसं काही नसतं. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना नुसत्या हाताच्या वेगावर मेजर लीगच्या पायरेट्स संघाने घेतलं, हे तुझ्या बाबांनी तुला शंभरदा सांगितलं असेल. वेगाने दार उघडतं हे खरं. ते दोघे मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, दिनेश २०१० मध्ये परतला, रिंकूच्या हाताने पुढे साथ सोडली, हेही तेवढंच खरं.

कुमार रॉकर या पिचरचं उदाहरण तू दिलंस, की आई भारतीय वंशाची, तरी पोचला. हो, पण कसा पोचला ते बघ. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये मेट्स संघाने दहाव्या क्रमांकावर निवडलं आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. त्या वर्षी खांद्यावर शस्त्रक्रिया. २०२२ मध्ये रेंजर्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडची कंडरा बसवणं. मेजर लीगमधला पहिला सामना सप्टेंबर २०२४. प्रत्येक दारात आधी डॉक्टर उभा असतो आणि तो हात बघतो, कात्रणं नाही.

तुझ्या संघात कोणीतरी म्हणालं की टॉमी जॉन करून घेतली की वेग वाढतो. हे जिथे ऐकलंस तिथेच टाकून दे. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला ती पहिल्यांदा टॉमी जॉन याच नावाच्या पिचरवर केली, मनगटातली कंडरा काढून कोपराच्या हाडात भोकं पाडून ओवली. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, नंतर १६४ सामने जिंकला, १९८९ पर्यंत खेळला. थोर गोष्ट आहे. पण कंडरेत वेग नसतो. परत यायला बारा ते अठरा महिने लागतात, त्या काळात मुलं पहिल्यांदाच नीट व्यायाम करतात, नीट जेवतात, मोजून फेकतात, आणि वयानेही वाढतात. वेग वाढलाच तर त्याने वाढतो. ते सगळं तू चाकूशिवाय आत्ता करू शकतोस.

तू हुशार आहेस, म्हणशील की मोजूनही फाटतंच. स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरला २०१२ मध्ये त्याच्या संघाने, नॅशनल्सनी, १५९ इनिंगांवर थांबवलं, संघ प्लेऑफला जात असताना. सगळ्या देशाने टीका केली. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला, २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्या करारात जेमतेम एकतीस इनिंग टाकून त्याचा हात संपला. खरं आहे. मोजणं म्हणजे विमा नव्हे. मेघ दाटले की शेतकरी पाऊस थांबवू शकत नाही, पण बियाणं किती पेरलं हे त्याला ठाऊक असतं. मोजल्याने कोपर पोलादाचं होत नाही. मोजल्याने एवढंच होतं की तुझा निर्णय अंदाजावर होत नाही, आणि बिघडलंच तर डॉक्टरसमोर कुठून बिघडलं ते सांगता येतं. आणि मला विचारशील तर नॅशनल्सनी त्या वर्षी बरोबर केलं. त्या थांबण्यानंतर त्याला सात वर्षं मिळाली. कोणी काही म्हणो.

म्हणतात, म्हणूनच सांगतो. हा माणूस पोरांना भित्रं करतो, दर फेकीला वही काढायला लावतो, जुन्या काळी पिचर नोलन रायनने सत्तावीस हंगाम खेळून ५,७१४ वेळा फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केलं तेव्हा कोणी मोजत होतं का, असं माझ्या तोंडावर बोलतात. रायनचं नाव घेतात कारण तो एकच आहे. त्याच काळात ज्यांचे हात विशीत गेले त्यांची नावं कोणी घेत नाही, कारण ती कुणाला ठाऊकच नाहीत. मला काही ठाऊक आहेत. ज्यांच्या फेकी मी मोजल्या नाहीत त्यांची. म्हणून माझा हा हट्ट कमी होणार नाही, आणि तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली की असं परत ये. पंचेचाळीस फुटांवरून पंचवीस फेकी, पाच-दहा मिनिटं थांब, पुन्हा पंचवीस. एक दिवस सोडून पुन्हा तेच. दुखलं नाही तर पुढच्या वेळी तीन वेळा पंचवीस. मग साठ फूट, मग नव्वद, मग एकशे वीस, प्रत्येक अंतराला निदान दोन दिवस. दुखलं की एक पायरी मागे, आणि मागे आलास ते लिहायचं, लाजायचं नाही. एकशे वीस फुटांवरून सरळ रेषेत, न दुखता पंच्याहत्तर झाल्या की माउंड, आणि माउंडवर पहिले दोन आठवडे फक्त फास्टबॉल, अर्ध्या जोराने पंधरा. तुझं मन तिसऱ्या दिवशी ओरडेल की बरं वाटतंय, सगळा जोर लाव. तेव्हा वही उघडून शनिवारचं पान बघ.

वही साधी घे, शंभर पानी, बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी मावेल अशी. आठ रकाने: तारीख, साध्या फेकी, लाँग टॉस, बुलपेन, इनिंगआधीच्या, सामना, दुसऱ्या जागेवरच्या, टॉवेलच्या. शेवटी एक ओळ: सकाळी कोपर कसं होतं. शून्य फेकींच्या दिवशीही शून्य लिही. डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली ते उद्या कळव, आणि रविवारी रात्री पहिल्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
काका

ता. क. बाबांना हे पत्र वाचायला दे. शोकेसचे पैसे परत मिळतात का ते मी विचारतो, तू त्यात पडू नकोस. आणि आईला सांग, सकाळच्या पोह्यांबरोबर दोन अंडी वाढव म्हणावं.